जांभळा दगड दिसला की पर्प्युराइट? या चुका टाळा

गेल्या आठवड्यात पुन्हा एक फोटो आला. रात्री साडेअकराला. ओल्या तळहातावर जांभळा खडा, वरून मोबाइलचा टॉर्च, आणि खाली एवढंच : "सर, पर्प्युराइट ना?"

मी कळवलं, "चहाचा कप पालथा घाल आणि बुडाच्या खरखरीत कडेवर खडा ओढ." पलीकडून हसणारे चेहरे आले. मी चेष्टा करत नव्हतो.

चिनीमातीच्या कपाच्या बुडाला जी गोल कड असते, तिच्यावर चकाकीचा लेप नसतो. तिथे खनिज ओढलं की मागे पूड राहते. त्या पुडीचा रंग म्हणजे कस. वरून दिसणारा रंग फसवतो, कस सहसा फसवत नाही. पर्प्युराइटची रेघ जांभळट किंवा गडद तांबडी उमटते. तशाच जांभळ्या दिसणाऱ्या फ्लोराइटची पांढरी. लेपिडोलाइट या जांभळट अभ्रकाचीही पांढरी. ॲमेथिस्ट तर रेघ देतच नाही, कपालाच ओरखडा काढतो. एका कपात एवढं काम होतं, आणि तरीही लोक फोटो पाठवतात.

मी एका कॉलेजात भूविज्ञानाच्या प्रयोगशाळेत सहायक होतो. आयुष्याची बरीच वर्षं दगड पुसण्यात, त्यांच्यावर आकडे चिकटवण्यात आणि पोरांनी अदलाबदल केलेले नमुने पुन्हा जागेवर लावण्यात गेली. आता घरी बसून तेच करतो. पर्प्युराइट हे तसं दुर्मीळच खनिज, पण ऑनलाइन विक्री सुरू झाल्यापासून त्याच्याबद्दल विचारणारे वाढलेत, आणि चुका त्याच त्या. म्हणून एकदाच लिहून ठेवतो. पुढचा फोटो आला की हेच पाठवीन.

आधी ओळख. पर्प्युराइट म्हणजे मँगनीजचं फॉस्फेट. त्यातलं मँगनीज तीन विद्युतभार असलेलं, आणि जोडीला थोडंफार लोखंड जवळजवळ नेहमीच. कठिनता (ओरखड्याच्या 1 ते 10 मोजपट्टीवर) 4 ते 4.5, विशिष्ट गुरुत्व, म्हणजे पाण्याच्या किती पट जड, साधारण 3.2 ते 3.4, स्फटिक समचतुर्भुजी. एका दिशेने पाटन चांगलं, म्हणजे फुटताना सपाट पृष्ठ निघतं, आणि त्या पृष्ठावर रेशमासारखी झाक दिसते. ग्रॅटन आणि शालर या दोघांनी 1905 साली अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनात, किंग्ज माउंटनजवळच्या एका कथलाच्या खाणीतून आलेल्या नमुन्यांवरून त्याचं वर्णन केलं. नाव लॅटिन पुर्पुरावरून, म्हणजे जांभळा. सगळ्या घोटाळ्याचं मूळ या नावात आहे. नावातच रंग असल्यावर माणूस दुसरं काही बघत नाही.

रंगावर भाळणं

कठिनता आणि वजन बघून ठरवलं, असं कुणी सांगितलं की मी विचारतो, फ्लोराइट कसा वगळलास? फ्लोराइटची कठिनता 4, विशिष्ट गुरुत्व 3.2 च्या आसपास. नवशिक्यांना ज्या दोन चाचण्या सगळ्यात आवडतात, त्या दोन्ही इथे निरुपयोगी. उपयोगी पडतो तो कस, आणि फुटण्याची तऱ्हा : फ्लोराइट चार दिशांनी फुटतो, त्याचे कोपरे आपोआप अष्टफलकासारखे तासले जातात. पर्प्युराइट तसं कधीच फुटत नाही.

रंगवलेला मॅग्नेसाइट किंवा हाउलाइट (दोन्ही मुळात पांढरे दगड) असेल तर नेलपॉलिश काढायच्या ॲसिटोनमध्ये कापूस बुडवून मागच्या बाजूने पुसा, बहुतेक वेळा कापूसच सांगतो. एकाने मला पोटॅशियम परमँगनेटमध्ये भिजवलेला दगड दाखवला होता. विहिरीत टाकायचं ते जांभळं औषध. पाण्यात ठेवला तर पाणी गुलाबी झालं. "मँगनीज आहे म्हणजे बरोबरच आहे ना?" हा त्याचा युक्तिवाद. परमँगनेटमधलं मँगनीज सात भारांचं, पाण्यात विरघळणारं. दगडातलं तीन भारांचं, जाळीत पक्कं बसलेलं. पर्प्युराइटने पाणी रंगत नाही.

आणखी एक सरमिसळ चित्रकार मंडळींकडून येते. मँगनीज व्हायोलेट नावाचा रंग एकोणिसाव्या शतकापासून वापरात आहे. त्यातही मँगनीज आणि फॉस्फेट आहे, पण तो कारखान्यात बनतो आणि त्यात अमोनियमही असतं. पर्प्युराइटची पूड नव्हे ती.

'सहस्रार चक्र उघडणारा खडा' या वर्णनाखाली विकत घेतला असेल तर कृपया मला फोटो पाठवू नका. चक्राचं मला कळत नाही, आणि त्या किमतीत चांगला हातोडा येतो.

ॲसिड : जिथे सगळे घसरतात

आता ज्या चुकीसाठी खरं तर हा लेख लिहितोय ती.

खाणीतून निघालेलं पर्प्युराइट बहुधा जांभळं नसतं. बाहेरून काळं किंवा काळपट तपकिरी असतं, कोळशाच्या ढेकळासारखं. वर मँगनीजच्या ऑक्साइडांची साल चढलेली असते. आत जांभळं आहे हे कळल्यावर माणसाला धीर धरवत नाही. मग कुणीतरी सांगतं, ॲसिडमध्ये टाक, चकचकीत निघेल.

ही चूक मी स्वतः केलेली आहे, त्यामुळे अधिकाराने बोलतो. नोकरीला लागून दोन-तीन वर्षं झाली होती. ओळखीतला एक जण नामिबियात काम करून परतला, त्याने मला उसाकोसच्या बाजूचं मुठीएवढं ढेकूळ आणून दिलं. बाहेरून काळं, एका कोपऱ्यावर नखाएवढी जांभळी चमक. माझ्याकडचं ते पहिलं पर्प्युराइट. नियमाने दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत न्यायचं, कपाटाखाली धूर ओढणारा पंखा लावायचा, एक बारीक कपची काढून करून बघायची. मी काय केलं? घरी फरशी धुवायचं ॲसिड होतं, दारावर बाटल्या विकायला येतात ते, तेच प्लॅस्टिकच्या मगात ओतलं, ढेकूळ आत सोडलं आणि आई ओरडेल म्हणून बाथरूमचं दार लावून घेतलं. स्वतः आत.

पहिलं मिनिटभर काही नाही. मग ॲसिड काळपट तपकिरी व्हायला लागलं. मला वाटलं, वा, साल सुटतेय. वाकून बघितलं आणि श्वास घेतला. पोहण्याच्या तलावावर येतो तो वास, पण शंभरपट, आणि थेट घशात चाकू घातल्यासारखा. दार उघडून बाहेर पडेपर्यंत डोळ्यांतून पाणी, आणि खोकला थांबेना. तीन दिवस घोगऱ्या आवाजात बोलत होतो. आईला सांगितलं, सर्दी झालीय.

झालं होतं असं : मँगनीजच्या काळ्या ऑक्साइडावर हायड्रोक्लोरिक ॲसिड पडलं की क्लोरीन वायू निघतो. स्वीडनमध्ये शेल या रसायनशास्त्रज्ञाने 1774 साली क्लोरीन पहिल्यांदा मिळवला तो याच रीतीने. प्रत्येक शालेय पुस्तकात ती कृती छापलेली असते, आणि मी ती कितीतरी वेळा फळ्यावर लिहिलेली. तरी बाथरूममध्ये ती आठवली नाही, कारण माझ्या डोक्यात तेव्हा 'दगड साफ करणं' चालू होतं, 'रसायनशास्त्र' नव्हे.

आणि दगड? सकाळी तो प्लॅस्टिकचा मग बाहेर ओतला. एक बाजू खरंच जांभळी झाली होती, हे कबूल करतो. पण ढेकूळ रोडावलं होतं. कडा चोखलेल्या लिमलेटच्या गोळीसारख्या गोल झालेल्या. पाटनाच्या ज्या फटी आधी दिसत नव्हत्या त्या उघड्या पडलेल्या, आणि वाळल्यावर त्या फटींतून पापुद्रे सुटायला लागले. आठवडाभरात मुठीचं लिंबाएवढं झालं. उरलेला तुकडा अजून माझ्याकडे आहे, फिकट, तेज गेलेला.

हे लक्षात घ्या : पर्प्युराइट स्वतः हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये विरघळतं. ॲसिडला साल कुठे संपली आणि दगड कुठे सुरू झाला ते कळत नाही, कारण दोन्हीकडे ऑक्सिडीभवन झालेलं मँगनीज आहे. गारगोटीवरचे गंजाचे डाग ॲसिडने काढता येतात, कारण गारगोटीला त्याचं काही वाटत नाही. इथे साल आणि गर एकाच जातीचे.

"पातळ करून वापरलं तर?" हा पुढचा प्रश्न. पातळ केल्याने ॲसिड सावकाश चालतं, शहाणं होत नाही. "ऑक्झॅलिक ॲसिड तर सौम्य असतं ना?" लोखंडाचे डाग काढायला ते उत्तम, पण त्याचं कामच मुळी वरच्या भाराच्या मँगनीजचं क्षपण करणं, म्हणजे त्याचा भार उतरवणं. म्हणजे पुन्हा तेच. शिवाय ते विषारी आहे, मूत्रपिंडावर जातं, आणि लोक ते स्वयंपाकघरातल्या पातेल्यात करतात.

बाजारात जे गडद, एकसारखे जांभळे तुकडे येतात, त्यांतले पुष्कळसे ॲसिडमधून काढलेले असतात. ज्यांचा हात बसलेला आहे ते क्षणभर बुडवून लगेच धुतात, त्यांना जमतं. मी त्याला लबाडी म्हणणार नाही, पण चिठ्ठीवर लिहायला हवं. खाचाखोचांतसुद्धा काळेपणाचा मागमूस नसेल, आणि रेशमी झाकेऐवजी नुसता सपाट रंग असेल, तर मला शंका येते.

माझी पद्धत विचाराल तर अगदीच साधी आहे. कोमट पाणी, जुना मऊ टूथब्रश, आणि फटीतली माती काढायला अगरबत्ती जळून उरलेली बांबूची काडी. लोखंडी सुई नाही, कठिनता 4 आहे हे विसरू नका. अल्ट्रासॉनिक मशीनमध्ये तर बिलकूल नको, पाटनाच्या फटी त्याची वाटच बघत असतात. रंग बघायचाच असेल तर मागच्या, न दिसणाऱ्या बाजूने हरभऱ्याएवढी कपची उडवा. ताज्या पृष्ठावर खरा रंग दिसतो, आणि ती कपची कसाला, ज्योतीला, सगळ्याला कामी येते. काळी साल राहू द्या. तिच्यामुळेच तो दगड कुठल्या हवापाण्यातून आला ते कळतं.

"नागपूरला मिळेल की!"

मँगनीज म्हटलं की मराठी माणसाला नागपूर-भंडारा आठवतं. मनसर, कांद्री, गुमगाव, चिखला, डोंगरी बुजुर्ग. मग पोरं सुट्टीत तिकडे जातात, जांभळट काहीतरी उचलतात आणि 'महाराष्ट्रात पर्प्युराइट सापडला' असं जाहीर करून मोकळी होतात.

तिथलं मँगनीज वेगळ्या घराण्यातलं. प्राचीन समुद्रात साचलेले मँगनीजयुक्त गाळ पुढे उष्णतेने आणि दाबाने भाजून निघाले, त्यातून ब्राउनाइट, हॉलंडाइट, पायरोल्यूसाइट यांसारखी ऑक्साइडं आणि मँगनीजची सिलिकेटं तयार झाली. फर्मर या भूवैज्ञानिकाने 1909 साली भारतातल्या मँगनीजवर जाडजूड ग्रंथ लिहून ठेवला, तो आजही वाचण्यासारखा आहे. पर्प्युराइट ज्यापासून बनतं ते लिथियमवालं फॉस्फेट त्या गाळात नव्हतं (बनताना त्यातला लिथियम निघून जातो, ते पुढे येईल).

इथे खरा घोटाळा करतं ते पीडमाँटाइट. तेही तांबूस-जांभळं, त्यातही तीन भारांचंच मँगनीज, आणि त्याचा कसही तांबडा. म्हणजे माझी कपाची युक्ती इथे अर्धीच चालते. अशा वेळी खिशातला पोलादी चाकू काढा. पर्प्युराइटवर चाकूने ओरखडा उठतो. पीडमाँटाइटची कठिनता 6 ते 6.5, चाकू घसरतो आणि दगडावर पोलादाची करडी रेघ राहते. दोन चाचण्या, दोन मिनिटं.

पर्प्युराइटचं गाव म्हणजे पेग्मटाइट. ग्रॅनाइटचा शिलारस थंड होत आला की शेवटी जो रस उरतो, त्यात कुठल्याच नेहमीच्या खनिजात न बसलेली मूलद्रव्यं गोळा होतात : लिथियम, फॉस्फरस, बेरिलियम, कथील. तो रस शिरांमध्ये थिजतो आणि हातभर लांबीचे फेल्डस्पार, अभ्रकाचे जाड गठ्ठे, गारगोटीचे ठोकळे बनतात. त्यांच्यामध्ये कुठेकुठे बटाट्यासारखे काळपट गोळे अडकलेले असतात, तिथे शोधायचं. किंग्ज माउंटन, नामिबियातला उसाकोसजवळचा सांडामाब फार्म, स्वीडनमधलं वारुत्रेस्क, कॅलिफोर्नियातलं पाला, साउथ डकोटाचे ब्लॅक हिल्स, ही सगळी पेग्मटाइटची गावं.

आपल्या दख्खनच्या बेसाल्टमध्ये शोधणं म्हणजे आंब्याच्या झाडाखाली नारळ शोधणं. जळगाव-नाशिकचे झिओलाइट आणि वाघोलीचं कॅव्हन्साइट पाहायला परदेशातून माणसं येतात, त्यात समाधान माना. पेग्मटाइट कसा दिसतो तेच पाहायचं असेल तर कोडरमा-गिरिडीह किंवा नेल्लोरचे अभ्रकाचे पट्टे बघून या. मी नेल्लोरला गेलो होतो, मेमध्ये. मेमध्ये जाऊ नका.

सराफाचं मशीन आणि हरवलेला लिथियम

दोन वर्षांपूर्वी एक तरुण माझ्याकडे आला. हुशार, वाचलेला, घाईत. हातात तपकिरी दगड, कडेला जांभळी किनार, आणि एक छापील कागद. "काका, टेस्ट करून आणलंय. लॅब टेस्ट."

लॅब म्हणजे त्याच्या ओळखीच्या सराफाचं दुकान. सोन्याची शुद्धता पाहायचं क्ष-किरणांचं मशीन असतं, त्यावर त्याने दगड ठेवला होता. कागदावर मँगनीज अर्ध्याहून थोडं जास्त, बाकी लोखंड, बेरीज बरोबर शंभर. लिथियमची ओळच नाही. "लिथियम नाही आणि मँगनीज जास्त. म्हणजे पर्प्युराइट. सिद्ध झालं की नाही?"

मी त्याला चहा दिला, कारण हे सांगायला वेळ लागणार होता.

पहिली गोष्ट, ते मशीन धातूंसाठी लावलेलं आहे. जे धातू दिसतात त्यांचीच बेरीज ते शंभर करून देतं. फॉस्फरस कुठे गेला? ऑक्सिजन कुठे गेला? शुद्ध पर्प्युराइटमध्ये वजनाने मँगनीज जेमतेम 36-37 टक्के असतं, निम्म्याहून जास्त भाग फॉस्फरस आणि ऑक्सिजनचा. बेरीज शंभर आली याचा अर्थ उत्तर बरोबर आहे असा नव्हे, यंत्राने हिशेब जुळवलाय एवढाच.

दुसरी गोष्ट महत्त्वाची. अशा मशीनला लिथियम दिसतच नाही, फार हलकं मूलद्रव्य ते. दगड लिथियमने भरलेला असला तरी कागद कोराच येणार. विद्यापीठांतल्या महागड्या इलेक्ट्रॉन-शलाका यंत्रांवरसुद्धा एरवी लिथियम मोजता येत नाही. यंत्राला दिसलं नाही म्हणजे दगडात नाही, ही या खनिजांमधली सगळ्यात महाग चूक.

महाग का, ते समजायला पर्प्युराइट बनतं कसं ते बघावं लागेल. शिलारसातून थेट ते कधी बनत नाही. आधी बनतं लिथिओफिलाइट : लिथियम, मँगनीज, फॉस्फेट. रंग साधारण लवंगी तपकिरी किंवा फिकट गुलाबीसर. पुढे शीर थंड झाल्यावर पाणी आणि ऑक्सिजन आत शिरतात आणि लिथियम एकेक करून निघून जातो. लिथियमचा एक भार गेला की हिशेब जुळवायला आतल्या धातूचा एक भार वाढावा लागतो. आधी लोखंड दोनाचं तीन होतं, तोवर मधलं खनिज तयार झालेलं असतं, सिकलराइट, गडद तपकिरी. मग मँगनीजही दोनाचं तीन होतं, लिथियम पुरता संपतो, आणि दगड जांभळा होतो. क्वेन्सेल आणि मेसन या दोघांच्या नावाने हा क्रम ओळखला जातो. गंमत म्हणजे सगळा सांगाडा जागच्या जागी राहतो. भाडेकरू गेला, घर तसंच. फक्त घर किंचित आक्रसतं आणि भिंतींना भेगा जातात. पर्प्युराइट इतकं ठिसूळ आणि फटींनी भरलेलं का असतं, ते इथे कळतं.

हेच तुमच्या इन्व्हर्टरच्या किंवा स्कूटरच्या एलएफपी बॅटरीत रोज चालतं. बॅटरीवर संशोधन करणाऱ्या गुडइनफ यांच्या गटाने 1997 साली ज्या लिथियम-लोह-फॉस्फेटवर काम दाखवलं, त्याची रचना निसर्गातल्या ट्रिफिलाइटची, म्हणजे लिथिओफिलाइटच्या लोखंडी भावाची. चार्ज करताना लिथियम बाहेर पडतो आणि जे उरतं त्याची रचना हेटेरोसाइटची, म्हणजे पर्प्युराइटच्या लोखंडी भावाची. आकारमान जवळजवळ 7 टक्क्यांनी घटतं. बॅटरी लिथियम परत आत घेते. खाणीत तो पाण्याबरोबर वाहून गेलेला असतो, परत कोण आणणार?

तर तो तरुण. मी त्याच्या दगडाच्या मधल्या तपकिरी भागातून चिमूटभर पूड खरवडली, नायक्रोमची तार ॲसिडच्या एका थेंबात बुडवून तिच्यावर ती घेतली (एका थेंबात, आणि खिडकी उघडी ठेवून, शिकलोय मी) आणि गॅसच्या निळ्या ज्योतीत धरली. आधी मिठाचा पिवळा झोत आला, तो नेहमी येतो, हाताच्या घामाचाच असतो. तो ओसरला आणि ज्योतीच्या कडेला किरमिजी तांबडा रंग उठला. लिथियम. मग बाहेरच्या जांभळ्या किनारीतली पूड घेतली. तांबडं काही आलं नाही.

एकाच दगडात दोन खनिजं, कदाचित तीन. आत अजून लिथियम धरून बसलेलं, बाहेर रिकामं झालेलं. त्याचा कागद आतल्या भागाचा होता की बाहेरच्या, हे त्याला माहीत नव्हतं. मशीनवर ठेवताना खालची बाजू कुठली होती ते आठवेना. नमुना कुठून घेतला ते न लिहिता चाचणी केली तर ती चाचणी नव्हे, लॉटरी. कागद त्याने माझ्याकडेच सोडला. मी त्यावर वाण्याची यादी लिहिली.

चिठ्ठीवर काय लिहायचं

पर्प्युराइट आणि हेटेरोसाइट ही एकाच साखळीची दोन टोकं. लोखंडापेक्षा मँगनीज जास्त असेल तर पर्प्युराइट, मँगनीजपेक्षा लोखंड जास्त असेल तर हेटेरोसाइट. हेटेरोसाइट हे नाव फ्रान्समधल्या लिमोझँ भागातल्या नमुन्यांवरून 1826 सालीच दिलं गेलं, पर्प्युराइटच्या कितीतरी आधी. दोघंही जांभळे असू शकतात. दोघांची रचना एक. डोळ्यांनी, भिंगाने, चाकूने, कपाने, कशानेही फरक कळत नाही. रासायनिक पृथक्करणच लागतं. पर्प्युराइट म्हणून विकलेले पुष्कळ दगड तपासल्यावर हेटेरोसाइट निघालेत.

यावरून एका प्रदर्शनात माझं आणि एका विक्रेत्याचं वाजलं होतं. तो म्हणाला, "जास्त जांभळा तो पर्प्युराइट, साधी गोष्ट." मी म्हटलं, मग जास्त गोरा तो कोकणस्थ का? आजूबाजूचे हसले, विक्री मात्र त्याचीच झाली. तपासणी नसेल तर 'हेटेरोसाइट-पर्प्युराइट मालिका' एवढंच लिहा. लांब वाटतं, पण खोटं नाही. नुसतं 'पर्प्युराइट, नामिबिया' ही चिठ्ठी मी वाचतसुद्धा नाही. नामिबिया केवढा देश आहे!

उरलेलं भराभर. टोकदार षटकोनी 'पर्प्युराइटचा स्फटिक' म्हणून जे विकतात तो घासून दिलेला आकार आहे, या खनिजाचे सुटे सुबक स्फटिक मिळत नाहीत. ओल्या दगडाचा फोटो बघून पैसे देऊ नका, वाळल्यावर रंग उतरतो. तेल चोळलेला असेल तर टिशूवर दाबून ठेवा, डाग पडतो. अंगठीत बसवू नका. दगड कापायचा असेल तर पाणी सोडूनच कापा आणि मास्क लावा, मँगनीजची धूळ वर्षानुवर्षं छातीत गेली तर मज्जासंस्थेवर परिणाम होतो. आणि पर्प्युराइट म्हणजे पॉर्फिरी नव्हे. दोन्ही शब्दांच्या मुळाशी जांभळा रंगच आहे, पण पॉर्फिरी हा मोठे स्फटिक विखुरलेला खडक असतो. हे मी दर वर्षी निदान एका तरी जर्नलमध्ये लाल पेनाने लिहायचो.

लिंबाएवढ्या उरलेल्या त्या माझ्या तुकड्याच्या डबीत आजही ही चिठ्ठी आहे : 'हेटेरोसाइट-पर्प्युराइट मालिका. पेग्मटाइट, उसाकोस परिसर, नामिबिया. नेमकी खाण माहीत नाही. कस गडद तांबडा-जांभळा. ॲसिडने खराब केलेला. कुणी : मी.'